पाट्याचा सुरा आणि सत्तूर : जत्रेआधीच्या नोंदी

शनिवार, १ फेब्रुवारी २०२५

यंदा जत्रेचा खारा दिवस, म्हणजे मटणाच्या जेवणाचा दिवस, २० एप्रिलला, रविवारी येतोय. म्हणजे मुंबई-पुण्याची भावकी झाडून हजर राहणार. बोकड कापायचा मान मुलाणीचाचांचा. पुढचं सोलणं, फोडणं, वाटे घालणं आम्हा घरच्यांकडं. हत्यारं मात्र दरवर्षी तालुक्याच्या खाटकाकडून मागून आणायची, आणि जत्रेच्या दिवशी नेमकी त्यालाही ती हवी असतात. यंदा स्वतःचा एक सुरा आणि एक सत्तूर करून घ्यायचा. ज्यांना हेच करायचंय त्यांच्यासाठी लिहून ठेवतोय.

तयार सत्तूर बाजारात मिळतो. हातात घेऊन बघितला. पातं जेमतेम तीन मिलिमीटरचं, मूठ पोकळ नळीची. असल्यानं हाडाची नळी तुटत नाही, चेचते, आणि मग रश्शात हाडाच्या कपच्या दाताखाली येतात.

चुलते म्हणाले, आजोबांचा शिकारीचा सुरा आहे की, त्याचंच माप घे. फळीवरून काढला. पाठ सात मिलिमीटर, टोकाकडं दुधारी, मूठ शिंगाची. तो रानडुकरासाठी केलेला. जखमी जनावर अंगावर आलं तर खुपसायचा, म्हणून टोकापर्यंत जाड ठेवलेला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीवर बंधनं आली, तेव्हापासून तो असाच पडून आहे. घरात आणलेल्या मटणाच्या मांडीवर चालवून बघितला, तर पाचरीसारखा मांस फाकवत जातो, कापत नाही. हाडाला चिकटून तर चालतच नाही. ते माप सोडलं.

ठरवलेलं माप असं. सुरा: पातं आठ इंच, रुंदी दीड, पाठ मुठीजवळ साडेतीन मिलिमीटर आणि टोकाकडं निमुळती, पोटाला थोडा बाक. सत्तूर: पातं साडेसात इंच, रुंदी सव्वातीन, पाठ सहा मिलिमीटर, मुठीसकट वजन पाऊण किलोच्या आसपास.

कायद्याचं एकदाच लिहितो. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं शस्त्र नियमांखाली येतात, घरगुती आणि शेतीकामाची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. तरी पुण्यातल्या कोयता गँगच्या बातम्यांपासून पिशवीतून नुसतं पातं डोकावलं तरी लोक बिचकतात. एसटीनं नेताना गोणपाटात गुंडाळायचं, वर सुतळी आवळायची, कुणी विचारलं तर सरळ सांगायचं.

रविवार, ९ फेब्रुवारी

भंगारातून जीपच्या स्प्रिंगचा पाटा आणला. ट्रकचा दहा-बारा मिलिमीटर जाड असतो, तो ठोकून पातळ करण्यात कोळसा आणि माणूस दोन्ही संपतात. जीपचा आठ मिलिमीटर, रुंदी साठ. दोन तुकडे, साडेचार किलो, किलोला ७० प्रमाणे ३१५ रुपये.

पाटाच का? त्यात कर्ब अर्धा ते पॉइंट सहा टक्के, शिवाय सिलिकॉन नाहीतर क्रोमियम असतं. म्हणून तो पाणी धरतो, म्हणजे तापवून एकदम गार केला की कडक होतो, आणि चिवटही राहतो. बांधकामाच्या सळईचं किंवा पत्र्याचं हत्यार दिसायला तसंच होईल, पण धार टिकायची नाही.

जुन्या पाट्यात भेग दडलेली असते, ती डोळ्यांना दिसत नाही. पाटा तारेच्या ब्रशनं घासून स्वच्छ केला. रॉकेल आता मिळत नाही, डिझेलनं पुसला, पंधरा मिनिटांनी कोरड्या फडक्यानं लख्ख केला आणि वर खडू फासला. थोड्या वेळानं एका तुकड्यावर, मधल्या बोल्टच्या भोकापासून कडेपर्यंत, पांढऱ्या खडूवर केसाएवढी ओली रेघ उमटली. भेगेत शिरलेलं डिझेल खडूनं ओढून घेतलं. तेवढा भाग कापून टाकायचा. भोकाच्या आजूबाजूचा पाटा घ्यायचाच नाही, असा नियम केला तरी चालेल.

रविवार, १६ फेब्रुवारी

काल सरळ हॅकसॉ चालवला. दोन ब्लेडचे दात गेले, पाट्यावर ओरखडा. पाटा मुळात पाणी दिलेलाच असतो, तो आधी मऊ करावा लागतो. रात्री दोन्ही तुकडे शेकोटीत लाल करून राखेच्या ढिगात पुरले. आज सकाळी राख अजून कोमट होती. मऊ झाला, कानस लागते, हॅकसॉ चालतो.

रविवार, २३ फेब्रुवारी

बाजारतळावर घिसाड्यांची पालं पडलीत. ऊसतोडीचे कोयते, खुरपी, विळे करतात. त्यांच्यातल्या एका काकांना मापाचा पुठ्ठा दाखवला. सुऱ्याचे ४००, सत्तुराचे ६०० ठरले.

भात्याच्या जागी आता हाती फिरवायचा पंखा आहे, बाकी सगळं तसंच. काका सांडशीत पाटा धरून ऐरणीवर छोट्या हातोड्यानं टिचकी मारतात, ती टिचकी पडेल तिथंच काकूंचा घण पडतो. बोलणं नाही. हातोडा ऐरणीवर आडवा पडला की घण थांबतो. लोखंड नारिंगी असेपर्यंतच ठोकायचं. काळपट लाल झालं की काका लगेच परत आगीत घालतात, कारण थंड लोखंडावर घाव घातला तर आत भेगा जातात.

ठोकून घेताना ध्यानात आलेली एक गोष्ट. धारेची बाजू पातळ करत गेलं की ती लांबते आणि पातं पाठीकडं वाकत जातं. म्हणून काकांनी सुरा आधीच धारेच्या बाजूला वाकवून घेतला होता. ठोकून झाल्यावर तो आपोआप सरळ आला, टोकाशी हवा तेवढाच बाक उरला.

पाणी देताना घोटाळा झाला. कोयत्याला काका फक्त धार पाण्यात बुडवतात, लगेच बाहेर काढतात, पाठीतली उष्णता धारेकडं सरकून रंग उतरला की परत बुडवतात. जाड कोयत्याला ते बरोबर बसतं. सुऱ्याची धार पातळ. पाण्यात गेली आणि बारीक "टिंग" असा आवाज आला. बाहेर काढली तर मधोमध आडवी भेग, धारेपासून अर्ध्या रुंदीपर्यंत. सुरा गेला. काका म्हणाले, "दादा, पातळ कामाला त्याल लागतं, पानी झटका देतं." सत्तूर तसाच, पाणी न देता घरी आणला.

रविवार, २ मार्च

सुरा दुसऱ्या तुकड्यातून परत ठोकून घेतला. काकांनी या वेळी निम्मेच घेतले, २०० रुपये.

तेलाचं म्हणाल तर वापरलेलं इंजिन ऑइल फुकट मिळतं, पण धूर घातक आणि हत्यार खाण्याच्या कामाचं. वडापावच्या गाड्यावरनं तळणाचं जुनं तेल घेतलं, सहा लिटर, उभ्या डब्यात. थंड तेल जाड असतं, नीट फिरत नाही. म्हणून तापवलेला लोखंडी तुकडा त्यात बुडवून आधी कोमट केलं. झाकण आणि वाळूची बादली शेजारी ठेवली. पातं जाताना तेल वर पेटतं, पाणी मारायचं नाही, झाकण टाकायचं.

पातं किती तापवायचं हे डोळ्यांवर सोडलं नाही. तारेला लोहचुंबक बांधून ठेवला. साधारण ७७० अंशांना लोखंड चुंबकाला चिकटायचं सोडतं. तिथून अजून थोडं, रंग एक पायरी उजळेपर्यंत ठेवायचं आणि सरळ टोक खाली करून तेलात घालायचं. आडवं घातलं तर पातं पिळतं. आत गेल्यावर पुढं-मागं हलवायचं, डावं-उजवं नाही. दोन्ही पाती न तडकता निघाली. कानस लावली तर काचेवर चालल्यासारखी घसरली, म्हणजे पाणी चढलं. आसमंतात भज्यांचा वास.

या अवस्थेत पातं काचेइतकंच ठिसूळ असतं, हातातून फरशीवर पडलं तर तुकडे होतील. त्याच दिवशी पाणी उतरवून, म्हणजे कडकपणा थोडा कमी करून घ्यायचं. राखेनं घासून चकचकीत केलं आणि घरच्या ओटीजी भट्टीत २०० अंशांवर तासभर, गार करून परत तासभर. सुऱ्यावर फिकट गवती पिवळा रंग आला. सत्तूरही त्यातच काढला, ते पुढं नडलं. खाली लिहिलंय.

शनिवार, ८ मार्च

घासकाम. हातातल्या ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावून पात्याच्या दोन्ही बाजू उतरवल्या. सुऱ्याच्या टोकाशी पातं पातळ, तिथं दोन श्वास जास्त थांबलो आणि क्षणात निळी झाक आली. निळं झालं म्हणजे तेवढ्या जागेचं पाणी उतरलं. वरनं घासून निळेपणा जातो, मऊपणा जात नाही. टोक सहा-सात मिलिमीटरनं आखूड करावं लागलं.

त्यानंतर हातमोजा काढून ठेवला. उघड्या बोटांना पातं चटका द्यायला लागलं की बादलीत बुडवायचं. वेळ दुप्पट लागतो. डोळ्यांवर चष्मा मात्र काढायचा नाही. शेवटचं काम कुरुंदाच्या दगडावर, पाणी टाकत.

रविवार, ९ मार्च

मूठ. लाकूड बाभळीचं, जुन्या कुळवाच्या दांडीचं, वर्षानुवर्षं वाळलेलं. सागवान हाताशी होतं, पण चरबी लागली की ते हातात फिरतं. बाभूळ जड आणि आवळ.

मुठीत जाणाऱ्या शेपटीला भोकं पाडायची राहिली होती, पातं तर कडक होऊन बसलेलं. ड्रिल नुसतं किंचाळलं. पातं ओल्या फडक्यात गुंडाळून बादलीत धरलं, फक्त शेपटी वर ठेवून गॅसच्या टॉर्चनं लाल केली आणि हवेत गार होऊ दिली. मग भोकं पडली. भोकं पाणी द्यायच्या आधीच पाडून घ्यावीत, अर्धा दिवस वाचेल.

लाकडाच्या दोन फळ्या, मधे अराल्डाइट, तीन पितळी खिळे आरपार, दोन्हीकडं ठोकून बसवले. अराल्डाइट पकडीसाठी कमी आणि फट बुजवायला जास्त. फटीत रक्त-चरबी शिरली की मूठ कुजते आणि वास जात नाही. मुठीच्या शेवटी खाली वळलेलं नाक ठेवलंय, म्हणजे करंगळी अडकते आणि ओल्या हातातून सत्तूर सुटत नाही. सुऱ्याच्या मुठीला पुढच्या बाजूला बोटाएवढी उतरण ठेवली, हात धारेवर घसरू नये म्हणून. वर जवसाचं तेल.

शुक्रवार, १४ मार्च, धुळवड

आज घरोघर मटण, म्हणजे चाचणीला मुहूर्तच. खाटकाकडून मागची मांडी अखंड आणली.

सुरा उत्तम. खुब्याजवळ सांध्यात टोक घातलं, स्नायूची दोरी कापली, हाड वेगळं. हाडाला लागून चालताना पातं किंचित लवतं, तेच हवं होतं.

सत्तुरानं निराशा केली. मांडीचं मांस आणि बारीक हाडं सपासप तुटली, पण नळीवर तिसऱ्या घावाला धारेला चंद्रकोरीएवढी खोक पडली. कपची मटणात गेली असणार, म्हणून ताटातलं अख्खं मटण धुऊन, चाचपून, तुकडा शोधला. सापडेपर्यंत कुणाला जेवू दिलं नाही. घरच्यांचे चेहरे बघण्यासारखे होते.

दोन कारणं. एक, सुऱ्याइतकंच पाणी सत्तुराला ठेवलं होतं. कापायच्या हत्याराला ते चालतं, घाव घालायच्या हत्याराला जास्त उतरवावं लागतं. दोन, धार सुऱ्यासारखी बारीक लावली होती.

रविवार, २३ मार्च

सत्तूर दुरुस्त. ओटीजी २५० अंशांवर, परत दोनदा. मग जाड सळईचा तुकडा लालभडक करून सत्तुराची पाठ त्यावर टेकवली, धार ओल्या फडक्यात. पाठीकडून रंग सरकत आला, आधी पिवळा, तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. निळा रंग अर्ध्या रुंदीवर आल्याबरोबर पाण्यात. आता पाठ चिवट, धार तपकिरी रंगावर. त्यासाठी मूठ आधी उतरवावी लागली आणि नंतर परत बसवावी लागली. मूठ शेवटी बसवायची, तीही चाचणी झाल्यावर.

खोक जाईपर्यंत धार दगडावर मागं नेली. नवी धार जाड ठेवली, दोन्ही बाजूंनी तीस अंशांच्या आसपास आणि गाल किंचित फुगीर. कागद कापत नाही. सत्तुरानं कागद कापायचाही नसतो. सुऱ्याची धार वीस अंशांवर.

शेजारच्यांकडून परत नळी आणून तोडली. एका घावात, कपची न पडता.

रविवार, ३० मार्च, पाडवा

हत्यारांना सुट्टी. ठोकळ्याचं लिहितो. चिंचेचा ओंडका फेब्रुवारीतच सांगून ठेवला होता. चिंचेचंच का, तर त्याचे तंतू एकमेकांत गुंतलेले, घावानं भुसा सुटत नाही. लाकूड उभं वापरायचं, म्हणजे घाव तंतूंच्या टोकांवर पडतो आणि धारही कमी मरते. ओला ओंडका उन्हात ठेवला म्हणून वरून तडा गेला होता. बैलगाडीच्या मोडक्या चाकाची धाव (लोखंडी पट्टी) कापून, तापवून, कडं करून बसवली. गार होताना आवळली आणि तडा मिटला. ठोकळ्याची उंची उभं राहून हात सोडल्यावर मनगटापर्यंत यावी. कमी असेल तर कंबर जाते.

रविवार, २० एप्रिल, खारा दिवस

पहाटे मुलाणीचाचा आले. त्यांची सुरी त्यांची स्वतःची असते, दुसऱ्याची घेत नाहीत. आमचा सुरा बघायला दिला. नखावर धार टेकवून बघितली आणि म्हणाले, "चांगला हाय बेटा, पर सोलायला काढू नको."

खरंच सोलायला मोठ्या पात्याचं काही काम नाही. मागच्या पायांना बारीक सुरीनं चीर घ्यायची, टांगायचं आणि पुढं सगळी हाताची मूठ चालते. कातडं आणि मांसाच्या मधे मूठ घालून दाबत खाली न्यायची. जिथं चीर घ्यायची तिथं पातं कातड्याच्या आतून बाहेर, म्हणजे केस तुटून मांसावर पडत नाहीत.

पोट उघडताना सुऱ्याचं टोक दोन बोटांच्या बेचक्यात, धार बाहेरच्या बाजूला. बोटं आतडी मागं रेटतात, पातं त्यांच्या पुढं चालतं. कलेजीवरची पित्ताची पिशवी थोड्या कलेजीसकट कापून काढली. ती फुटली तर कलेजी कडू.

नवख्या पोरांचा हात लगेच सत्तुराकडं जातो. पुढच्या फऱ्याला धडाशी हाडाचा सांधाच नसतो, खवाटा नुसता मांसानं धरलेला. पाय बाहेर ओढायचा, सुरा बरगड्यांना लागून फिरवायचा, फरा हातात. मागची मांडी उलटी दाबली की खुबा उघडतो. मानसुद्धा मणक्याच्या सांध्यात सुऱ्यानं निघते. सत्तूर लागला तो सीना फोडायला, बरगड्यांचे चाप करायला, कण्याचे तुकडे आणि नळ्या तोडायला. कणा मधोमध उभा चिरायचा नाद सोडला, मणक्यांच्या मधून आडवे घाव घातले. घाव खांद्यातून नाही, कोपरातून. पडतो तो सत्तुराचं वजन. डावा हात तुकड्याच्या दुसऱ्या टोकाला, आणि घाव पडताना कुणी बोलायचं नाही, हा चुलत्यांचा नियम.

वाटे घालताना सत्तुराचं खरं महत्त्व कळतं. पळसाच्या पानांवर प्रत्येक वाट्यात मांडीचं, सीन्याचं, चापाचं, कलेजीचं, वजडीचं थोडं थोडं यायला हवं, आणि नळी एकाला अख्खी, दुसऱ्याला चुरा असं झालं तर भावकी वर्षभर बोलते. यंदा तुकडे सारखे पडले.

हत्यारांची हालत. सत्तुराची धार संध्याकाळपर्यंत दगड न लावता चालली. सुरा प्रत्येक बोकडानंतर धार लावायच्या सळईवर फिरवावा लागला. दुपारी एका पाहुण्यानं त्याच सुऱ्यानं बरगडीवर घाव घातला. धार वळली, तुटली नाही, दगडावर दहा मिनिटांत परत आली. नुकसान दगडानं भरून येण्याइतकंच झालं. पाहुण्यांना नंतर कांदे चिरायला बसवलं.

रविवार, २७ एप्रिल

जत्रेच्या रात्री सुरा ओला राहिला. सकाळी मुठीजवळ तांबेऱ्याचे ठिपके. राख आणि लिंबाच्या फोडीनं घासल्यावर गेले, पण काळसर डाग राहिला, तो राहणारच. हे स्टेनलेस नाही. गरम पाण्यानं धुवायचं, लगेच पुसायचं, खोबरेल लावायचं. शेंगदाण्याचं तेल लावून ठेवलं होतं ते चिकट झालं. ठोकळा खरडून, जाडं मीठ चोळून सावलीत उभा केलाय.

खर्च: पाटा ३१५, घडाई १,२००, डिस्क आणि हॅकसॉ ब्लेड मिळून ४३०, अराल्डाइट आणि पितळी खिळे २६०. एकूण २,२०५ रुपये. कोळसा काकांचा, तेल वडापाववाल्यानं फुकट दिलं, ओंडका ओळखीतला.

पाट्याचा एक वीतभर तुकडा उरलाय. त्याची सोलायची सुरी करायची आहे, पातं साडेचार इंच, पोट गोल, टोक बोथट. भोकं आधी पाडून ठेवलीत. पालं आता पुढच्या गावाला गेली, काका दसऱ्यानंतर उसाच्या हंगामाला परत येतील.